ब्लू टिटची पिल्लं आणि आई

९ मे २००६, मंगळ. लीड्स
ब्लू टिटची, चिमणीहून लहान निळ्या-पिवळ्या पाखराची, अंडी फुटली! घरट्याच्या पेटीत कॅमेरा बसवला तेव्हा हॉस्पिटलात सगळे हसले होते. आता टीव्हीवर लाइव्ह: सात उघडी पिल्लं, नुसत्या चोचीच चोची. नर-मादी दोघं मागच्या ओकवरून हिरव्या अळ्या आणतायत. एक मिनिट बसत नाहीत. आई (सप्टेंबरपर्यंत आहे, मग पुणे) सिरियल सोडून हेच बघते. अळी दिसली की मान फिरवते.

१७, बुध.
काल मांजरानं नराला धरलं. मादी एकटी पडली. त्यात दिवसभर पाऊस, अळ्या पानांवरून धुऊन जातात. आईनं पोहे भिजवून बागेत ठेवले. मादीनं ढुंकूनही पाहिलं नाही.
म्हटलं, "पिल्लांना अळीच लागते गं. पाणीसुद्धा तिच्यातूनच मिळतं."
तिनं पोहे उचलून आत आणले.

२०, शनि.
एक पिल्लू गेलं. मादीनं स्वतःच चोचीत धरून बाहेर नेलं. मी तडक पेट शॉप. जिवंत मीलवर्म, पाखरांना घालायच्या अळ्या, आणल्या, डबाभर. आईचा चेहरा!
"एकाला जगवायला दुसऱ्याला मारायचं?"
"ती रोज तेच करते की."
"ती करते. तू कशाला मध्ये?"
तरी अळ्या बशीत घालून बागेत ठेवल्याच. येणार ती. खात्री आहे.

२१, रवि.
आली! बशी, पेटी, बशी, पेटी. पिल्लांची पोटं टम्म.
जेवताना आई: "या अळ्या काय खाऊन वाढतात?"
"गव्हाचा कोंडा."
"आणि झाडावरच्या?"
"ओकची पानं. आणि पानं उन्हावर."
तिनं भात कालवला. मग, "म्हणजे मुळात सगळं पालाच."
इतकं सोपं नाही, पण वाद घातला नाही.

२३, मंगळ.
एक्स-रेला लेट शिफ्ट. परत आले तर बशी रिकामी, डबा निम्मा. आई मेथी निवडत होती.
"तू घातल्यास?"
"छे. मी फक्त झाकण काढून डबा तिरका केला."
हसू दाबलं. सहाही पिल्लं ठणठणीत, पंखांवर निळं दिसायला लागलंय.

२८, रवि. हॉस्पिटल कँटीन
सकाळी उडायला लागली. एकामागून एक पाच गेली. मी निघाले तेव्हा सहावं पेटीच्या भोकात अडून बसलेलं, धड आत ना बाहेर. मादी समोर कुंपणावर, चोचीत अळी, हाका मारत होती, पण जवळ जात नव्हती.
आई काचेला नाक लावून, "अगं, दे ना त्याला!"
"मुद्दाम देत नाहीये. भुकेनं तरी उडेल."
"आणि नाही उडालं तर?"
माझी बस चुकत होती. उडेल, म्हटलं आणि पळाले.
आत्ता ब्रेक. घरी दोनदा फोन केला. नुसता वाजतोय. आई बागेत असणार, ह्या पावसात त्या पिल्लासाठी अळ्यांचा डबा घेऊन. परत लावते.