दोनच आवाज

४ जानेवारी, रविवार

"पहिल्या दोन हाकंला ओ द्यायची नाय गं. भूत दोनदाच हाक मारतंय; तिसरी आली, तरच माणूस समजायचं." नांदगावला चंद्रभागाआत्या मला झोपवताना म्हणाली होती, त्याला चाळीस वर्षं होतील. आज नव्या घरातली पहिली रात्र, म्हणून आठवलं आणि हसू आलं. इथं मला हाक मारणार कोण?

बदली मनासारखी झाली. नाशिक रोडला चौथ्या मजल्यावर घर, सकाळी ओट्यावर ऊन येतं. संध्याकाळी पंचवटीतून मेथी आणि वाटाणे आणले. एकटीला जुडी मोठीच होते. समोरच्या शकुबाईंनी विरजण दिलं आणि त्याबरोबर सगळी चौकशीही उरकून घेतली. नवरा रविराज जाऊन चार वर्षं झाली, लेक सृष्टी बंगळूरला असते, हे सांगून टाकलं. काही लागलं तर हाक मारा, म्हणाल्या.

८ जानेवारी, गुरुवार

माझी झोप पहिल्यापासूनच कच्ची. ऑफिसातल्या संजनाने माझं नाव एका झोपेच्या अभ्यासात घातलं. डोक्याला मऊ पट्टा बांधून आपल्याच घरी झोपायचं. गाढ झोपेत मेंदूच्या लहरी संथ आणि उंच होतात म्हणे. पट्टा त्या ओळखतो आणि लहर वर चढू लागली की कानाशी हळूच आवाज देतो, तापल्या तव्यावर थेंब पडावा तसा. फस्स. लगेच पुढच्या लहरीला आणखी एक. मग थांबतो. आवाजाला उत्तर म्हणून लहर आणखी उंचावते, झोप आणखी गाढ होते. पट्टा बांधायला शिकवणारा योगेश म्हणाला, ताई, झोका वर जाताना नेमक्या वेळी ढकलायचा, एवढंच.

दोनच का, असं विचारलं आणि आत्याचं सांगून बसले. तीन करता येतील? तो पोट धरून हसला. म्हणाला, आमच्या मशीनला भूत परवडत नाही हो, पण करतो तुमच्यासाठी तीन.

१३ जानेवारी, मंगळवार

अशी झोप लहानपणानंतर लागली नव्हती. विसरलेलं सगळं लख्ख आठवू लागलंय. रविराज बशीतला चहा फुंकताना डोळे मिटायचा, तेसुद्धा.

उद्या संक्रांत. कुणासाठी करायचे असं म्हणत म्हणत तिळाचे लाडू केले.

दाराची कडी मात्र सकाळी उघडी होती. लावायला विसरले असेन.

१७ जानेवारी, शनिवार

शकुबाई सांगत होत्या, पहाटे त्या दूध घ्यायला बाहेर आल्या तर मी जिन्यात. अनवाणी, डोळे मिटलेले. त्यांनी विचारलं, अहो बाई, एवढ्या थंडीत कुठं निघालात? मी अगदी गोड आवाजात म्हणाले म्हणे, बोलावलंय ना. त्यांनी हाताला धरून आणलं, पांघरूण घातलं. मला यातलं काहीच —

योगेशला फोन केला. पट्टा खोलीतले आवाजही टिपतो. ऐकून सांगतो, म्हणाला.

१९ जानेवारी, सोमवार

योगेश स्वतः आला. हसला नाही. टिपलेलं ऐकवलं. फस्स. फस्स. शांतता. मग तिसरा. त्यावर लगेच माझा आवाज: ओ, आले!

मी म्हटलं, बरोबर आहे, तीन केलेत ना तुम्ही. तो खाली बघत म्हणाला, ताई, केलेच नव्हते. अभ्यास चालू असताना काही बदलता येत नाही, तुमचं मन राखायला हो म्हटलं. पट्टा दोनच देतो. तिसरा आमचा नाही. पण त्या तिसऱ्यालाच माझी लहर सगळ्यांत उंच गेलेली.

पुन्हा ऐकलं. तिसरा फस्स नाहीच. हाक मारण्याआधी माणूस श्वास आत ओढतं — तो आहे.

पट्टा त्याला देऊन टाकला.

२१ जानेवारी, बुधवार

पट्टा नाही. पहिले दोन आलेच नाहीत. एकदम तिसरा.

या वेळी जिन्यात नव्हते. गच्चीवर. कठडा पोटाला गार लागला, म्हणून जाग आली.

२२ जानेवारी

ओढणीने पाय खाटेला बांधून झोपले. सकाळी ओढणी उशाशी, घडी घालून. माझीच घडी. मी अशीच घालते.

रविराज असेल? तो हाक मारायचाच नाही, नुसता खाकरायचा. तो नाही. पण कुणीतरी बोलावतंय, मलाच — आणि त्यात थोडं बरं वाटतं, हे कुणाला सांगू —

२४ जानेवारी, दुपार

आत्ता. जागी असताना. सगळीकडे ऊन आहे.

ओ दिली नाही. तोंडावर हात दाबून —

सृष्टी, तू तेच म्हणशील. आई, रजा नाही, डॉक्टरांकडे जा. माहीत आहे मला. तरी मागते. एक रात्र ये. काही बोलू नकोस. माझ्याशेजारी, दाराच्या बाजूला झोप. आणि मी उठले की माझा हात —