दस्त्याची उजवी बाजू

आई,

रायफलचा दस्ता व्हरांड्यात वर्तमानपत्रावर ठेवला आहे. जवसाचे तेल अजून ओले आहे, हात लावू नकोस. डावी बाजू घासून झाली. उजवी मी मुद्दाम सोडली, कारण गाल टेकून टेकून पडलेला खळगा त्याच बाजूला आहे. तिथे गाल टेकतो तो डाव्या खांद्यावरून नेम धरणाऱ्याचा. बाबा उजवे होते. या घरात डावखुरी फक्त तू.

बाबांच्या अचूक नेमावर मी तळटीपांसह चाळीस पाने लिहिली. हसनाबादच्या शिवारातली रानडुकरे त्यांनी एकट्याने कशी हटवली, हे प्रकरण तुला वाचून दाखवले, तेव्हा डाव्या हाताने भाकरी उलटत तू म्हणालीस, "बराबर लिहिलंस. बिलकुल तस्सेच होते ते." इतका सभ्य अपमान माझ्या कोणत्याही परीक्षकाला जमला नव्हता.

परवाना बाबांच्या नावाचा, म्हणून गप्प राहिलीस? की त्यांनीच तसे सांगितले होते? रागवावे कोणावर, हेच मला ठरवता येत नाही.

पुस्तकाची छपाई थांबवायला नवीन जालन्यातल्या छापखान्यात जातो आहे. संध्याकाळी आल्यावर एवढेच सांग: त्या प्रकरणात तुझे नाव घालू, की दस्त्याची उजवी बाजूही घासून टाकू?

राजानंद