हस्तिदंती टाक

४ फेब्रुवारी १९४१, जळकोट
सोलापूरहून मोटारीनं आलो. स्वागत झकास झालं, बसायला गालिचा, वर मसाल्याचं ताक. यजमान बलभीमराव शेंगांचे बडे व्यापारी. पहिली बायको सीताबाई वारल्यावर त्यांनी कमलबाईंशी लग्न केलं. रीतीप्रमाणं नव्या बायकोनं सवतीची प्रतिमा उठवलेला चांदीचा टाक गळ्यात घालायचा, म्हणजे मेलेली शांत राहते. पण चांदीचा टाक बलभीमरावांना गावंढळ वाटतो. सरकारी हाकिमांच्या घरी असतं तसं हस्तिदंतावर रंगवलेलं चित्र हवं. अंगठ्याएवढा चेहरा रंगवण्यात हैदराबादेत माझा हात धरणारा कोण आहे?

७ फेब्रुवारी
सीताबाईचा फोटो नाही. देवीच्या आजारात तिचा डावा डोळा गेला होता; तो दाखवायचा नाही, अशी बलभीमरावांची ताकीद. मी कमलबाईंनाच समोर बसवून त्यांचे टपोरे डोळे काढले. मेलेली कुठं तक्रार करणार? बलभीमराव बेहद्द खूश.

१० फेब्रुवारी
टाक पुजून कमलबाईंनी गळ्यात घातला. दुपारपर्यंत त्यांच्या डाव्या डोळ्यात पांढरं फूल पडलं. रडत म्हणाल्या, चित्रातला डोळा खरडून टाका. हाकिम जेवायला आले की बलभीमराव सीताबाईला कोठीत कोंडत. एकदा उन्हाळ्यात उघडायचंच विसरले, ती पाण्यावाचून आतच गेली, हेही कमलबाईंनीच सांगितलं. मला बलभीमरावांचा संताप आला. पण परवाच्या हाकिमांच्या जेवणावळीपर्यंत चित्राला हात लावू नका म्हणाले, आणि आपलं काम बिघडवायचं माझ्याही जिवावर आलं.

१२ फेब्रुवारी
जेवणावळ उधळली. कमलबाई हाकिमांसमोर येऊन उभ्या राहिल्या. आवाज त्यांचा नव्हता.
"आता तरी सांगा की. मला कशापायी कोंडलं व्हतं?"
बलभीमराव उठले, आपल्या पायांनी कोठीत गेले. आतून कडी. दार फोडलं तेव्हा गतप्राण — ओठ फुटलेले, जीभ वाळलेली. इतक्या थोड्या वेळात!

१३ फेब्रुवारी
कमलबाईंचा उजवा डोळाही चाललाय. टाक गळ्यातून निघत नाही. तसाच धरून चित्रातला डावा डोळा खरडला. रंगाखाली दुसरा डोळा — पांढरा, ओला. मी काढलेला नाही.

तीच तारीख
कमलबाईंना दिसू लागलं. मला मात्र डावीकडचं काहीच —
कुणीतरी समोर येऊन बसलंय. कमलबाई नव्हेत.
"न बघता काढलंस. आता बघून काढ."
हस्तिदंत घेतला. चेहरा नीट दिसत नाही, ती आणखी जवळ येते, म्हणते उजव्यानं बघ, उजव्या डोळ्यानं ब