‘संपलं’च्या खिशातला फोटो

सूनबाई,

तुझ्या केंद्रातल्या स्वमग्न पोरांपैकी जिला दर शनिवारी घरी आणतेस, त्या बावीस वर्षांच्या घोडीला जरा वळण लाव. तिच्यासाठी भिंतीवर कामांच्या चित्रांचा नि घरातल्या सगळ्यांच्या फोटोंचा फळा लावलास, झालेल्या कामाचं चित्र ‘संपलं’च्या खिशात टाकायला शिकवलंस, ते ठीक. पण आज तिनं माझाच फोटो त्यात टाकला! मी तीनदा काढून परत फळ्यावर लावला, तिनं तीनदा टाकला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

मागं आपल्या मांजराचा फोटो टाकला तेव्हा आपण हसलो. दोन दिवसांत मांजर गेलं. त्याचं खाणं सुटलेलं एकट्या तिला दिसलं होतं.

मी जिना चढते तेव्हा ती माझी पावलं मोठ्यानं मोजते. पायऱ्या बारा. हल्ली ती सातवर गप्प होते, कारण मी सातवर थांबते. छातीवर कुणी बसल्यासारखं होतं. तुला कळू दिलं नाही.

तुम्ही दोघी दुकानातून येईपर्यंत मी कोपऱ्यावरच्या डॉक्टरणीकडे जाते. दूध तापवून झाकलंय. फोटोला हात लावू नकोस, मीच येऊन काढीन. तिला एवढं मोठ्यानं वाचून दाखव:

“मोजणी तुझी चोख आहे, बये. पण माझ्या पाच पायऱ्या अजून बाकी आहेत.”