भिंतीबाहेरची आजी

३ सप्टेंबर
जगभरच्या पोरांनी डोक्यावर घेतलेली ती कादंबरी अखेर वाचायला घेतली. अपेक्षाच्या दप्तरातून काढली. लेकीचं दहावीचं वर्ष, आणि ही बया रात्रंदिवस त्यातच. निर्धार: रोज पन्नास पानं. मग हा कचरा का आहे, ते तिला मुद्देसूद समजावणार.

४ सप्टेंबर
बारा पानं. कंपनीत ऑडिट होतं. किळस आली. एक शहर, भोवती भिंत. साठी उलटली की म्हाताऱ्यांना भिंतीबाहेर सोडतात, आणि कागदावर सही घरच्यांनीच करायची! लेखिकेच्या घरात कुणी मोठं माणूस नाही वाटतं.
शैलाला वाचून दाखवलं. बायको म्हणाली, बोईसरला घेतलेल्या फ्लॅटचं आईंना कधी सांगताय? विषय काय, बोलते काय.

७ सप्टेंबर
आईने विचारलं, "दिना, तोंड वाकडं करून काय वाचतोस रे एवढं?" रोज संध्याकाळी पडवीत तिला मराठीत सांगायचं ठरवलं. अर्थात संस्कार करून. माझ्या व्हर्जनमध्ये आजी तीर्थयात्रेला जाते. आई खूश. मी लिहायला हवं होतं खरं तर.

११ सप्टेंबर
शी! नायिका आजीच्या कागदावर सही करत नाही, वर बापाला उलट बोलते. बाप बिचारा समजावतोय, बाहेर हवा चांगली, मोकळी जागा. अख्ख्या पुस्तकात हा एकच समंजस माणूस, आणि त्यालाच व्हिलन केलंय! पुस्तक मिटलं.
फ्लॅटचं आईला दिवाळीनंतर सांगू. तिला इथली शिरगावची हवा मानवते. वाडीत मोकळं वाटतं. वन बीएचकेत गुदमरेल ती. तिच्यासाठीच करतोय हे सगळं.

१५ सप्टेंबर
अपेक्षाने आजीला खरी गोष्ट सांगितली. पुस्तकातली. आणि फ्लॅटचीही.
आईने विचारलं, "माझी खाट कुठं ठेवशील रे तिथं?"
मी कार्पेट एरिया सांगितला.
"म्हणजे नाय," एवढंच म्हणाली आणि कोंबड्या कोंडायला गेली. भांडली असती तर उत्तरं तयार होती माझी.
असल्या पुस्तकांनी घरं फुटतात. जेवलो नाही. कुणी आग्रहही केला नाही.

१६ नोव्हेंबर
शिफ्टिंग. अपेक्षा म्हणाली, परीक्षेपर्यंत मी आजीकडेच. शैला म्हणाली, मग हिच्या डब्याला मीही इथेच. ठीक आहे. मला तेवढीच शांतता. निर्धार: सकाळी वॉक, योगा, बाहेरचं खाणं बंद.
आईने भाकरी आणि सुक्या जवळ्याची चटणी बांधून दिली. म्हणाली, "सुट्टीला येत जा. घर तुझंच हाय."
टेम्पोवाल्याने एक गादी, एक पंखा, एक बादली चढवली. मग बराच वेळ घराच्या दाराकडे बघत थांबला.
"बस इतना ही सामान, साब?"
हो म्हणालो.