दोन ताऱ्यांचा अभिप्राय

टूनगॅबी, रविवार

प्रिय ऋता,

खोलीचा फोटो पाहिला. भिंतींचा रंग छान आहे, आणि विहानने पलंगावर आजीसाठी स्वतःची उशी ठेवलेली दिसली. पुढच्या महिन्यात कायमची तुझ्याकडे ट्रुगानिनाला ये म्हणतेस. मी तिकीट काढलेलं नाही. फोनवर गुडघ्याचं कारण सांगितलं, पण गुडघा बरा आहे. खरं कारण लिहायला मला दोन रविवार लागले. तू चौथीपर्यंत मिरजेला शिकलीस, म्हणून मराठीत लिहिते आहे. घरात दुसऱ्या कुणाला वाचता येणार नाही, तेही बरंच.

शेजारची लूर्डेस तुला आठवत असेल. फिलिपिन्सची, मला 'आते' म्हणते, म्हणजे त्यांच्यात ताई. गेल्या महिन्यात ती मला ब्लॅकटाउनला त्यांच्या टागालोग भाषेतला एक सिनेमा बघायला घेऊन गेली. गोष्ट साधीच होती. एक बाई लहान मुलीला बहिणीकडे ठेवून परदेशी दुसऱ्यांची मुलं सांभाळायला जाते. तिकडून खोकी भरभरून साबण, डबे, बूट पाठवते. परत येते तेव्हा मुलगी तिला 'मॅडम' म्हणते. शेवटी रडारड आणि क्षमा. आमच्या रांगेतल्या बायका हुंदके देत होत्या, लूर्डेसचा टिश्यूचा डबा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरून आला. बाहेर पडल्यावर ती म्हणाली की आई म्हणजे संत होती, मुलीला मात्र दोन ठेवून द्यायला हव्या होत्या. मी लगेच हो म्हटलं. फार बरं वाटलं मला त्या दिवशी.

मग तिने मला प्रेक्षक मतं लिहितात ते पान दाखवलं. मी रोज चहा घेऊन ते वाचत बसायची. कुणी लिहिलं होतं, सिनेमा संपल्याबरोबर आईला फोन लावला. कुणी म्हणे, माझी आई आता नाही, पण तिची खोकी मी अजून टाकलेली नाहीत. सगळे पाच-पाच तारे. आणि त्यात एकच अभिप्राय दोन ताऱ्यांचा. लिहिणारीचं नाव नव्हतं. तिचं म्हणणं असं: बाईचा करार चार वर्षांचा होता, ती सहा वर्षांनी परतली, त्या दोन वर्षांबद्दल सिनेमा गप्प आहे आणि रडणारे प्रेक्षकही गप्प आहेत.

मला इतका राग आला की कप खाली ठेवून मी तिथेच उत्तर लिहिलं. व्हिसाची कामं कशी अडकतात हे तुमच्या पिढीला काय ठाऊक, असं लिहिलं. तुमच्यासारखी कृतघ्न मुलगी पोटी आली हे तुमच्या आईचं दुर्दैव, असंही लिहिलं. आमच्या नन्सनी शिकवलेल्या स्वच्छ इंग्रजीत, एकही चूक न करता. खाली 'निवृत्त ग्रंथपाल, सिडनी' अशी सही. सत्तेचाळीस लोकांना ते आवडलं. लूर्डेसने टाळ्या वाजवल्या.

दोन दिवसांनी उत्तर आलं. तिने लिहिलं होतं की तिच्या मावशीने वहीच्या कागदावर तिचं पाऊल ठेवून कडेने पेन्सिल फिरवली आणि तो आकार आईला पाठवला. त्या एका आकारावर आईकडून पाच वर्षं बूट येत राहिले. नवा आकार आईने कधी मागितला नाही, आणि मावशी भिडेपोटी बोलली नाही. ती बुटांच्या टाचा कापून द्यायची, म्हणजे सपातेसारखे घालता यावेत आणि फोटोत दिसावेत.

ऋता, तो कागद माझ्या कपाटात आहे. शरयूमावशीने त्यावर लाल पेन्सिलीने तुझं नाव लिहिलंय. चार वर्षांच्या मुलीचा पाय वाढतो हे मला कळत नव्हतं असं नाही. पण तो कागद बाजूला ठेवून दुसरा मागवायचा, हे काही केल्या सुचलं नाही. टाचांचं मला तुझ्या उत्तरातूनच कळलं. तुझ्या प्रत्येक फोटोत पाय समोरून दिसतात.

शाळेत असताना नन्सच्या हॉस्टेलला दर रविवारी आम्हाला घरी पत्र लिहावं लागे आणि सिस्टर ते वाचून मगच पाकीट बंद करत. मी सुखात आहे, जेवण चांगलं आहे, एवढंच लिहायची सवय लागली. तुला मिरजेला मावशीकडे लिहिलेली माझी पत्रंही तशीच होती. आणि तूही रविवारी फोनवर दहा मिनिटं 'ऑल गुड, आई' म्हणतेस. एका अनोळखी म्हातारीला मात्र सगळं सांगितलंस. याचा मला राग आहे, तो लपवत नाही.

तुझ्या उत्तराची शेवटची दोन वाक्यं मला पाठ झाली आहेत: "माझ्या आईचेही कागदच अडकले होते. मी कधी विचारलं नाही, कारण ती खरं सांगेल अशी भीती वाटते."

कागद अडकले नव्हते. तू सात वर्षांची झालीस तेव्हा बाबा पर्थकडे खाणीवर कामाला होते. त्यांनी तुला इकडे आणायचा व्हिसाचा अर्ज भरून, सही करून माझ्याकडे पोस्टात टाकायला दिला. मी तो टाकला नाही. वसतिगृहातून मी सासरी गेले होते. स्वतःची खोली मला आयुष्यात तेव्हा पहिल्यांदा मिळाली होती. लायब्ररीतून यायचं, दार लावायचं, वाचत बसायचं. पुढच्या आठवड्यात टाकू म्हणत दोन वर्षं गेली. बाबांना मी सरकारी दिरंगाई सांगत राहिले, आणि ते शेवटपर्यंत तसंच समजत राहिले. मला तुझी आठवण यायची, रोज यायची, आणि तरीही ते घर मला आवडत होतं. तू विचारलं नव्हतंस, तुला ऐकायचंही नव्हतं. पण तुझ्या घरी राहायला आल्यावर मी हे सांगितलं असतं, तर तू मला जा म्हणू शकली नसतीस. म्हणून इथूनच सांगते आहे. अजून तुला नको म्हणता येईल.

तुझीच, तू म्हणशील तोवर,
आई