घंटेच्या जागी दगड

ताकाओका, ४ सप्टेंबर १९५१
चि. किनुएस, तोकुजीदादाचे अनेक आशीर्वाद.

माझं पत्र म्हणून चुलीत घालू नकोस, आधी वाच. आमच्या ओतशाळेत विश्वशांतीची घंटा ओतायची आहे. देशोदेशींची नाणी आलीत. रसात सोडायला बायका पिना, आरसे देताहेत. आईचा काशाचा आरसा तू देशील का? घंटा नदीकाठच्या टेकडीवर टांगतील. पहिला टोला तू द्यावास.

लढाईत तोफा-गोळ्यांसाठी देवळांच्या घंटा वितळवायला नेताना सरकार जुन्या घंटा सोडत होतं. आपल्या देवळातली साडेतीनशे वर्षांची, हे मला तिच्यावरच्या अक्षरांवरून कळलं होतं. तरी तपासनीस म्हणून मी ती नवी असल्याचं लिहून दिलं. चारचौघांत देशभक्त दिसायचं होतं. नऊ वर्षं हे कुणाला बोललो नाही.

तुझ्या दोन ओळींची वाट पाहणारा,
तोकुजी

१२ सप्टेंबर
ती. दादास, किनुएचा शि. सा. न. वि. वि.

चूल पेटलेलीच होती, पण वाचलं. तुझं खोटं देवळातल्या म्हाताऱ्या भिक्षूंनी तेव्हाच ओळखलं होतं. घंटेचं वजन गेल्यावर घंटाघराचं छप्पर हलू नये म्हणून त्यांनी तिथं दगड टांगला, तो अजून आहे.

संध्याकाळची घंटा झाली की माझा लेक इवाओ असेल तिथून जेवायला पळत यायचा. त्याच साली त्याची पाठ थोपटून तूच त्याला लढाईवर जाणाऱ्या गाडीत बसवलंस. त्याच्या अस्थी म्हणून पेटी आली, तिच्यात एक खडा होता. तुला कळवलं नव्हतं.

आरसा पाठवते. तो आईचा आहे, माझ्या रागापायी अडवणार नाही. टोला मात्र तुझा तू दे.
किनुए

२६ ऑक्टोबर
चि. किनुएस, आशीर्वाद.

आरसा मीच रसात सोडला. आधी त्यात तोंड पाहिलं, फार वेळ पाहवलं नाही. एक तारखेपासून रोज संध्याकाळी, इवाओच्या जेवणाच्या वेळेला, मी टोला देणार आहे. वारा तुझ्याकडे वाहिला तर ऐक.
तोकुजी

२ नोव्हेंबर
ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

काल घंटा ऐकू आली. मी मुळा चिरत होते. हात पुसून इवाओची वाटी काढली, भात वाढला, मग भान आलं. तिथंच बसून रडले.

तुला माफ केलं असं लिहवत नाही. पण ऐकू आलं की माझ्या हातून वाटी मांडली जाणारच, आणि वाढलेला भात रोज कोण टाकणार? टोला देऊन झाला की सायकल काढ आणि जेवायला ये. भाजी मुळ्याचीच आहे, तुला न आवडणारी.

लोभ फार होता. उरला आहे तेवढ्यावर भागव.
किनुए